फोटोत मागं आलेला रस्ता

सध्या माझ्या कॉम्प्युटरमध्ये साडेसहा किलोमीटरचा एक फ्रेंच रस्ता आहे. उत्तर फ्रान्समधल्या रुआँ शहराच्या दक्षिणेला मोठं जंगल आहे. तिथल्या एसार गावाजवळचे रोजच्या रहदारीचे साधे रस्ते तेवढ्यापुरते बंद करून १९५० पासून मोटारींच्या शर्यती व्हायच्या. ट्रॅकचं नाव रुआँ-लेझ-एसार. फ्रेंच ग्रां प्री इथं पाच वेळा झाली: १९५२, १९५७, १९६२, १९६४ आणि १९६८. पुढं छोट्या शर्यती चालू राहिल्या, १९९०च्या दशकात त्याही थांबल्या आणि १९९९ मध्ये पिट, म्हणजे शर्यतीत गाड्या दुरुस्तीला थांबतात ती जागा, आणि प्रेक्षकांचे स्टँड पाडून टाकले. आता तिथून लोक कामाला जातात-येतात.

हा रस्ता १९५७ च्या जुलैत जसा होता तसा असेट्टो कोर्सा या मोटार शर्यतीच्या कॉम्प्युटर गेमसाठी उभा करायचं काम आम्ही काही जण करतोय. पैसे कुणालाच मिळत नाहीत, झाल्यावर फुकटच वाटायचाय. बाकीची मंडळी युरोपात आणि दक्षिण अमेरिकेत विखुरलेली. एक निवृत्त गृहस्थ तर रुआँजवळच राहतात. कोल्हापूरचा मी एकटा. ‘तू बघून आलायस व्हय ते?’ हा प्रश्न मला कंपनीत, सोसायटीत आणि मिसळीच्या टेबलावर सगळीकडं विचारला जातो. नाही. माझ्याकडं पासपोर्टसुद्धा नाही.

मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत पॅटर्नची थ्रीडी मॉडेलं करतो. लोखंडाचा रस ओतायच्या आधी वाळूत जो साचा उठवायचा, तो ज्या वस्तूनं उठवतात ती पॅटर्न. कोल्हापुरात हे सांगावं लागत नाही, कारण घरटी कुणीतरी फाउंड्रीत, मशीन शॉपमध्ये, नाहीतर त्या दोघांना चहा पुरवण्यात असतंच. बाहेरगावच्यांसाठी सांगितलं. दिवसा पंपाच्या केसिंगचे गोलवे आणि रात्री फ्रान्समधल्या वळणाचे. बायको विचारते, ‘झालं का त्या झाडांना पाणी घालून?’

गेममध्ये कंपनीनं दिलेले ट्रॅक असतात. मोंझा, सिल्व्हरस्टोन, नुर्बुर्गरिंग वगैरे. त्यातले बरेच लेझरनं मोजून केलेत. म्हणजे यंत्र घेऊन माणसं खरोखर ट्रॅकवर फिरली, रस्त्याचा प्रत्येक उंचवटा बिंदूबिंदूनं टिपला, आणि जिथं खरा धक्का बसतो तिथंच गेममध्येही बसतो. पण जो ट्रॅक आता नाहीच, तिथं यंत्र कुठं फिरवणार? असे ट्रॅक कुठलीही कंपनी शक्यतो करत नाही. ते करतात आमच्यासारखे रिकामटेकडे. रुआँ याआधी कुणी केलाच नाही असं नाही, केलाय. पण आम्हाला एकाच सालाचा, एकाच शर्यतीचा हवा होता. आणि आमचा एक नियम पहिल्या दिवसापासून आहे: दुसऱ्या गेममधून उचललेलं काहीही घ्यायचं नाही. या छंदात चोरीचा माल भरपूर फिरतो. एका गेममधला ट्रॅक काढायचा, चार झाडं बदलायची आणि आपलं नाव लावायचं. आम्ही झाड जरी लावलं तरी ते आमच्यातल्याच कुणीतरी काढलेलं असतं.

आता १९५७च का, यावर आमच्यात बरेच दिवस खल चालला होता. १९५४ पर्यंत ट्रॅक ५.१ किलोमीटरचा होता. १९५५ मध्ये तो वाढवून ६.५४२ किलोमीटर केला. म्हणजे १९५२ घेतलं तर रस्ताच वेगळा. १९६२ आणि १९६४ या दोन्ही शर्यती डॅन गर्नीनं जिंकल्या. पहिली पोर्शेमधून, दुसरी ब्रॅबममधून, आणि दोन्ही कंपन्यांचा ग्रां प्रीतला तो पहिला विजय. तीही सालं मोहात पाडणारी. पण सगळ्यात जास्त मागणी १९६८ ची होती. त्या वर्षी पावसात शर्यत झाली, जॅकी इक्स फेरारीतून पहिल्यांदा ग्रां प्री जिंकला, आणि ज्यो श्लेसर हा फ्रेंच चालक वारला. होंडाची नवी एअर-कूल्ड, म्हणजे हवेनं इंजिन थंड ठेवणारी गाडी अजून शर्यतीला तयार नाही म्हणून होंडाच्याच जॉन सर्टीझनं ती चालवायला नकार दिला होता. श्लेसर बसला. शर्यत सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता, टाकी भरलेली होती, बॉडी भडकन पेटणाऱ्या मॅग्नेशियमची. उतारावरच्या वळणावर गाडी बाहेर गेली आणि पेटली. ‘ते ठिकाण अचूक करता येईल’ असं एकानं उत्साहानं लिहिलं. मी लिहिलं की ते ठिकाण अचूक करायला मी बसणार नाही. बाकीच्यांनाही तसंच वाटत असावं, कारण तो विषय तिथंच मिटला. तसं बघितलं तर १९५७ चा ट्रॅकही कमी जीवघेणा नव्हता. रस्ता, मग गवताची पट्टी, मग झाड. मध्ये काही नाही. हे मात्र आम्ही मऊ केलेलं नाही.

तर १९५७. ७ जुलै, ७७ फेऱ्या. हुआन मॅन्युएल फँजिओ माझेराटी २५०एफमधून जिंकला. लुइजी मुस्सो दुसरा, पीटर कॉलिन्स तिसरा, दोघेही फेरारीत. पण साल निवडलं ते फँजिओसाठी नाही. त्या शर्यतीचे फोटो चांगले आहेत म्हणून.

सुरुवात जमिनीपासून केली. फ्रान्सची सरकारी नकाशा संस्था आहे, आयजीएन. त्यांनी विमानातून लेझर मारून देशाची जमीन मोजायला घेतलीय आणि तो डेटा कुणालाही फुकट उतरवून घेता येतो. एका चौरस मीटरमध्ये साधारण दहा बिंदू. जंगल असलं तरी अडत नाही. लेझरचे काही किरण पानांवरून परततात, काही फटीतून थेट जमिनीपर्यंत पोचतात. जमिनीवरचे तेवढे वेगळे काढले की वरचं सगळं रान नाहीसं होतं आणि खाली नुसती उघडी टेकडी दिसते. पहिल्यांदा ती स्क्रीनवर बघितली तेव्हा मी जेवायचं विसरलो होतो. रस्ता टेकडीवरून खाली कसा झेपावतो, तळाला कसा वळतो आणि परत कसा चढतो, ते एका नजरेत कळलं. नकाशात हे कळत नाही. जोतिबाच्या डोंगराचा रस्ता नुसता नकाशात बघितलेल्या माणसाला दुसऱ्या गिअरची गरज कळेल का?

पण ही जमीन आजची. त्या भागातून पुढं ए-१३ हा मोठा महामार्ग गेला, त्यापायी १९७०च्या दशकात ट्रॅकचा आकारही बदलला. त्या महामार्गाचे भराव आणि कापलेल्या दरडी आजच्या मापात येतात. त्या पुसायच्या आणि दोन्ही बाजूंची जुनी जमीन मध्ये अंदाजानं जोडायची. त्याला आधार म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर विमानातून काढलेले जुने फोटो आहेत, तेही आयजीएननंच स्कॅन करून खुले ठेवलेत. काळे-पांढरे, वरून घेतलेले. झाडं म्हणजे करडे ठिपके, रस्ता म्हणजे दोरा. तरी त्यावरून जंगलाची कड कुठं होती, कुठं मोकळं रान होतं, कुठं घर होतं, एवढं पक्कं समजतं.

खरी मजा जमिनीवरून काढलेल्या फोटोंची.

शर्यतीचा फोटो काढणाऱ्यानं रस्त्याचा फोटो कधीच काढलेला नसतो. तो फँजिओचा काढतो. रुआँचा फँजिओचा एक जगप्रसिद्ध फोटो आहे: उतारावरच्या वेगवान वळणात लाल माझेराटी चारही चाकांवर आडवी घसरतेय, आणि आत बसलेला माणूस दुपारी पेपर वाचत बसल्यासारखा निवांत. मोटार शर्यतीचं वेड असलेल्या कुणालाही तो फोटो माहीत असतो. मी तो इतक्या वेळा बघितलाय की फँजिओ आता मला दिसतच नाही. मी त्याच्या मागं बघतो. डांबराची कड सरळ आहे की खाल्लेली? गवत रस्त्याच्या पातळीला आहे की चार बोटं खाली? पलीकडं खांब आहे का? लोक उभे आहेत ते सपाटीवर की चढावर? या सगळ्याची उत्तरं फोटोत असतात. फोटो काढणाऱ्यानं ती मुद्दाम दिलेली नसतात, ती फुकट आलेली असतात.

माप काढायची रीत सांगतो, कारण ती मला आवडते. फोटोतल्या समांतर रेषा लांब जाऊन एका बिंदूत मिळतात. तो बिंदू सापडला की कॅमेरा कुठल्या दिशेला आणि किती कलून बघत होता ते गणितानं निघतं. त्यासाठी एफस्पाय नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, पुढचं काम ब्लेंडर या थ्रीडीच्या सॉफ्टवेअरमध्ये. पण नुसत्या रेषांवरून आकार कळतो, माप कळत नाही. माप कळायला फोटोत एक तरी वस्तू ठाऊक लांबीची लागते. आमची पट्टी म्हणजे गाडी. २५०एफच्या पुढच्या आणि मागच्या चाकात सुमारे २.३ मीटर अंतर. त्यावरून रस्त्याची रुंदी, त्यावरून पेंढ्याच्या गठ्ठ्यांची उंची, त्यावरून पिटच्या कठड्याची. एकदा धागा सापडला की उलगडत जातं. आणि फोटो नेमका कुठं उभं राहून काढला हे कळत नसेल तर सावल्या. ७ जुलैला त्या अक्षांशावर सूर्य किती वाजता कुठं असतो हे ठरलेलं आहे. सावली रस्त्याला कुठल्या कोनात पडलीय ते बघितलं की रस्त्याची दिशा निघते, आणि ती दिशा ट्रॅकवर दोन-तीन ठिकाणीच जुळते.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत मी हे असलंच काहीतरी करत बसलो होतो. आमच्या पॅटर्न शॉपमध्ये एक जुने मिस्त्री आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. लाकडी पॅटर्न हातानं करण्यात हयात गेलेली. ते मागं येऊन उभे राहिले. बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, ‘रस्ता झाक झालाय. पर पाणी कुठं जातंय?’

‘कसलं पाणी, मामा?’

‘पावसाचं, लेका. हितं पाऊस पडला तर रस्त्याच्या मधीच तळं हुतंय की.’

पंचगंगेच्या काठच्या माणसाला पाणी कुठून कुठं जातं हे शिकवायला लागत नाही. शर्यतीसाठी बांधलेले आजचे ट्रॅक एका बाजूला कललेले असतात. पण हा गावाकडचा रस्ता. तो मध्ये उचललेला आणि दोन्ही कडांना उतरता असणार. जुन्या डांबरी रस्त्यांना असा दोन-तीन टक्के उतार देतच. विमानातून घेतलेल्या मापात टेकडी दिसते, ही एवढीशी पाठ नीट दिसत नाही. त्या रात्री मी ती सबंध रस्त्याला दिली. वळणांवर फोटो बघून कमीजास्त केली, आणि आमच्यातल्या ब्राझीलच्या पोराला गाडी चालवून बघायला सांगितलं. त्याचा निरोप आला: हे काय केलंस? गाडी एकदम वेगळी चालतेय. वळणात आत शिरताना ती मधला उंचवटा ओलांडते, त्या क्षणी हलकी होते आणि मग एकदम बसते. अरुंद टायरच्या त्या गाडीला एवढं पुरतं. त्या काळचे चालक वळणात सतत स्टिअरिंग का हलवत असतात, हे मला तोवर कळलं नव्हतं. मामांना मी हे सांगितलं तर म्हणाले, ‘मग? रस्ता हाय का चेष्टा?’

टेकडीच्या तळाशी नूव्हो माँद नावाचं वळण आहे. पार उलटं फिरणारं, आणि त्यावर डांबर नव्हतं, दगडी फरसबंदी होती. वरून भन्नाट वेगात येणाऱ्या गाड्या इथं अगदी हळू व्हायच्या आणि दगडांवरून थरथरत फिरायच्या. प्रेक्षकांना हेच हवं असतं, त्यामुळं इथले फोटो सगळ्यात जास्त. प्रत्येक दगड वेगळा करून बसवला तर कॉम्प्युटर गुडघे टेकतो. म्हणून दोन थर असतात. डोळ्यांना दिसतो तो एक, आणि गाडीची चाकं ज्यावर फिरतात तो दुसरा, न दिसणारा. या दुसऱ्या थराच्या तुकड्यांना नाव द्यायचीही पद्धत आहे. नाव आकड्यानं सुरू झालं आणि पुढं रोड, ग्रास, वॉल असा पृष्ठभागाचा प्रकार आला, तरच गेम त्याला जमीन मानतो. नाहीतर दिसायला रस्ता झकास असतो आणि गाडी त्यातून आरपार खाली पडत राहते, पाताळापर्यंत. शिवाय एक छोटी फाईल असते, तिच्यात प्रत्येक पृष्ठभागाची पकड किती, थरथर किती, लाटेची उंची आणि लांबी किती हे आकड्यात लिहायचं. फरसबंदीचे हे आकडे जमवायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला. थरथर जास्त झाली की वाटतं गाडी जात्यात घातलीय. कमी झाली की दगड नुसते रंगवल्यासारखे. शेवटी आम्ही खरा थर हलकासा ओबडधोबड केला आणि फाईलमधली थरथर जवळजवळ काढून टाकली. हातात स्टिअरिंग धरल्यावर आता ते खरं वाटतं. हे ‘वाटतं’ मी मुद्दाम लिहिलंय, कारण दगड मोजायला फोटो होते, थरथर मोजायला काहीच नव्हतं.

रुंदीवरून मात्र भांडण झालं. जुने रस्ते गेममध्ये मुद्दाम थोडे रुंद करायची पद्धत आहे. स्क्रीनवर रस्ता अरुंद भासतो, लोकांना ओव्हरटेक करता येत नाही, मग तक्रारी येतात. आमच्यातल्या दोघांचं म्हणणं होतं की अर्धा मीटर वाढवू, कुणाला कळणारसुद्धा नाही. मी त्यांना फाउंड्रीचा हिशेब सांगितला. आम्ही पॅटर्न खऱ्या वस्तूपेक्षा मोठी करतो, ग्रे आयर्नसाठी साधारण एक टक्का, कारण लोखंड थंड होताना आक्रसतं. मोठेपणा द्यायला कारण आहे आणि किती द्यायचा त्याचा आकडा आहे. इथं काय आक्रसतंय? माणसाची हिंमत? मग ज्याला अरुंद वाटतो त्यानं सावकाश चालवावं. त्या दोघांना पटलं की नाही ठाऊक नाही, पण ते गप्प बसले आणि रस्ता मूळ मापाचा राहिला.

आता अवघड भाग. तळाचं वळण झालं की रस्ता जंगलातून चढत जातो, आणि मागच्या बाजूला लांबलचक सरळ पट्टे आहेत. तिथले फोटो जवळपास नाहीतच. कोण जाणार तिथं जड कॅमेरा घेऊन? गाडी सुसाट येते आणि जाते, ना घसरत, ना वळत. फोटो काढणारे उतारावर, तळाच्या वळणावर आणि पिटपाशी उभे राहिले, म्हणून ते तीन तुकडे वाचले. बाकीचा रस्ता तेवढाच खरा होता, त्यावरूनही फँजिओ ७७ वेळा गेला, पण तो कुणाच्याच मागं आला नाही.

तिथं काय करायचं? ब्राझीलच्या पोराचं मत होतं की भरून टाकू. एखादी खोपटी, चार प्रेक्षक, एखादी उभी सायकल, म्हणजे जिवंत वाटेल. मला ते पटेना. नूव्हो माँदला आम्ही एक-एक खांब पुराव्यानं बसवलाय. त्याला लागूनच मनातली खोपटी ठेवली, तर उद्या बघणाऱ्याला दोन्हींत फरक कसा कळणार? रुआँजवळ राहणाऱ्या त्या निवृत्त गृहस्थांनी मग एक काम केलं. ते सायकलवरून तो सगळा भाग फिरले आणि रस्त्याकडेला जे जे जुनं वाटलं त्याचे फोटो पाठवले. उतार, चर, दगडी बांध, मैलाचे दगड. फ्रान्समध्ये मैलाचा दगड पांढरा असतो आणि त्याचं डोकं राष्ट्रीय रस्त्यावर लाल, जिल्हा रस्त्यावर पिवळं. आपल्याकडं राष्ट्रीयला पिवळं आणि राज्य मार्गाला हिरवं, तसंच. एवढ्यावर आणि विमानातल्या फोटोतल्या करड्या ठिपक्यांवर आम्ही तो भाग उभा केला. झाडं आहेत, दुसरं काही नाही. लोक म्हणतील रिकामं वाटतंय. वाटू दे.

त्यातूनच एक नकाशा करायचं ठरलं, तो ट्रॅकबरोबरच देणार आहोत. फोटोवरून पक्कं केलेलं ते हिरवं, विमानातल्या फोटोवरून अंदाजानं केलेलं ते पिवळं, आणि नुसतं आमच्या मनातलं ते लाल. लाल शक्य तितकं कमी ठेवलंय, पण आहे. पिटच्या मागचा भाग बराचसा लाल आहे. स्टँडच्या आतले जिने पूर्ण लाल.

ट्रॅक बरोबर झालाय की नाही हे तपासायला लोक वेळ बघतात. १९५७ ला फँजिओनं सरावात २ मिनिटं २१.५ सेकंदांत फेरी मारली होती. शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरी मुस्सोची, २ मिनिटं २२.४ सेकंद, म्हणजे ताशी १६५ किलोमीटरची सरासरी. गेममध्येही २५०एफ आहे. आमच्यातले दोघं जण तिच्यात फँजिओपेक्षा कमी वेळ काढतात. मग आमचा ट्रॅक चुकला? मला तसं वाटत नाही. फँजिओला झाडं खरी होती. इथं झाडावर आपटलं की एक बटण दाबायचं आणि परत पिटमध्ये. शिवाय त्याला तो रस्ता सरावाला मिळाला तो थोडाच वेळ, ही पोरं महिनोन्‌महिने तेच वळण घोटतात. म्हणून मी वेळेकडं फारसं बघत नाही. मी बघतो की उतारावर गाडी कुठं हलकी होते, ब्रेक कुठून मारावा लागतो, आणि फोटोत गाडी जिथं आडवी दिसते तिथंच ती गेममध्येही आडवी होते का. उतारावरच्या दुसऱ्या वळणात ती होते. पहिल्यांदा झाली तेव्हा मी स्टिअरिंग सोडून रीप्ले बघत बसलो. फोटो जिथून काढला होता त्याच जागी कॅमेरा लावला. मागचं झाड जुळलं.

या सगळ्याचं इथं कोल्हापुरात काय, असं विचारणारे भेटतात. त्यांना मी आता उत्तर देतो. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उघडलेलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मी त्या रात्री तिकडं गेलो नाही, आगीचे व्हिडिओ बघितले तेवढेच पुरे झाले. नंतर जो तो म्हणायला लागला, बांधायचं तर होतं तसंच. मी पण म्हणालो. आणि मग सवयीनं डोक्यात आलं की होतं तसं म्हणजे कसं? रंगमंचाच्या कडेची चौकट किती रुंद होती? मी तिथं लहानपणापासून नाटकं बघितलीत, विंगेतून एकदा गणपतीच्या मूर्तीचा हात धरून चढलोय, पण मला एक माप सांगता येईना.

घरातले अल्बम काढले. बहिणीचा शाळेच्या स्नेहसंमेलनातला फोटो सापडला, त्याच रंगमंचावरचा. कोळीनृत्य, डोक्यावर पाटी, चेहऱ्यावर अर्धा डबा पावडर. आईला तो फोटो म्हणजे ती. मला तिच्या डाव्या खांद्यामागं चौकटीची कड आणि पायाखाली फळ्यांच्या फटी दिसल्या. फटी समांतर, रेषा एका बिंदूत मिळतात, म्हणजे कॅमेरा निघाला. राहिली पट्टी. आईनं तिचं त्या वर्षीचं प्रगतिपुस्तक जपून ठेवलंय, आणि प्रगतिपुस्तकात मागच्या पानावर उंची आणि वजन लिहिलेलं असतं. १३१ सेंटिमीटर. बहिणीला फोन करून सांगितलं की तू माझी २५०एफ आहेस. तिनं फोन ठेवला.

जीर्णोद्धार करणारे त्यांचं काम करतील, त्यांच्याकडं आराखडे असतील, मला त्यात लुडबूड करायची नाही. मी आपला घरच्या घरी, ब्लेंडरमध्ये, मला आठवतं ते नाट्यगृह उभं करतोय. गेममध्ये नाही, गाडी काय तिथं चालवायचीय? नुसतं आत उभं राहून बघायला. रुआँसारखाच त्याचाही तिरंगी नकाशा केलाय आणि सध्या तो भयंकर लाल आहे. रंगमंच त्यातल्या त्यात हिरवा, कारण सगळ्यांनी फोटो तिकडंच तोंड करून काढलेत. बाल्कनीचा कठडा, तिचे जिने, प्रेक्षागृहाची मागची भिंत आणि बाजूचे दरवाजे यांचं काहीच मिळत नाही. बक्षीस समारंभ, सत्कार, एकांकिका स्पर्धा, लग्नाआधी बघायला गेलेलं नाटक, काहीही चालेल. तुमच्या घरच्या अल्बममध्ये असा एखादा फोटो असेल, तर पाठवा. कुणी उभं असेल तर त्याची तेव्हाची उंची कळवा. चेहरे झाकलेत तरी हरकत नाही, पाय मात्र कापू नका.